बँडमास्तरच्या घरातली सुट्टी

ज्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते, त्या दिवशी आमचे हे पहाटे चारला उठून बसलेले असतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मलाही झेंड्याला जायचं असतंच. पण आमचं ध्वजवंदन, प्रभातफेरी, पोरांना खाऊ, की दहाच्या आत मी घरी. ह्यांचं आधी स्वतःच्या शाळेत, मग संस्थेच्या मुख्य इमारतीत, मग कुणी पाहुणे येणार म्हणून तिसरीकडे. दुपारी येतात, जेवतात, आणि झोपतात ते थेट दिवेलागणीला उठतात. हे फौजेत होते तेव्हा मी म्हणायचे, एकदा पेन्शनीत आलात की सणवार घरी. पेन्शनीत आले आणि शाळेत बँड शिकवायला लागले. आता स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव आणि कोणत्याही पाहुण्याचं आगमन हेही सण झाले.

आदल्या दिवसाचं काम घरावर येतं. पांढरे हातमोजे पोरांनी घरून धुऊन आणायचे असा नियम आहे. नियम आहे, इतकंच. निम्मे हातमोजे आमच्या बादलीत पडतात. पितळेच्या वाद्यांना पितांबरी, पट्ट्यांच्या बकलांना ब्रासो, आणि ब्रासो संपलं की आत्यांची चिंच. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या देवाची भांडी घासत बसल्या की हे हळूच दोन ट्रम्पेट त्यांच्या शेजारी ठेवून द्यायचे. त्या बडबडायच्या आणि घासायच्या.

आणि चिक्की. कोपऱ्यावरच्या दुकानातली शेंगदाण्याची, किलोच्या हिशोबाने. कारण पहाटे उपाशीपोटी आलेलं पोर तासभर उन्हात उभं राहून फुंकत बसलं की कोसळतं. भाषणं लांबली की एखादं पोर आडवं होणारच. हे आधीच ओळखतात. ओठ पांढरे पडले की रांगेतून अलगद बाहेर घेतात, सावलीत झोपवतात, पाय वर करतात. एकदा एका पालकांनी विचारलं, सर, हे कुठं शिकलात? हे म्हणाले, बँडमध्येच.

ते खरंच आहे. फौजेत होतो म्हटलं की लोक डोळे मोठे करून विचारतात, कारगिलला होता का? बँडमध्ये होतो म्हटलं की चेहरे पडतात. फौजेतल्या बँडवाल्यांना जखमींना उचलून आणायचं, पट्ट्या बांधायचं शिक्षण असतं, लढाईच्या वेळी वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलायचं असतं, हे कुणाला माहीत नसतं. माझ्या माहेरच्यांनाही नव्हतं. "जावई वाजंत्री आहे होय?" असं माझ्या एका मामांनी लग्नाआधी विचारलं होतं. सातारा जिल्ह्यात फौजी जावयाचं कौतुक फार. अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे आमच्याकडे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. (हे तिथले नाहीत. सातारा आणि फौज म्हटलं की जो तो तेच गाव विचारतो म्हणून सांगून ठेवते.) पण ते कौतुक बंदूकवाल्यांचं. क्लॅरिनेटवाल्याचं काय करायचं हे मामांना सुचेना.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. हे तिथे भरती झाले आणि पुढे कोर्ससाठी मध्य प्रदेशात पचमढीला गेले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने १९५० साली तिथे लष्कराचं संगीत शिक्षण सुरू झालं. तिथून ह्यांची पत्रं यायची. एका बाजूला खुशाली, पगार, आत्यांच्या गुडघ्यांची चौकशी आणि पाठीमागे पाच रेघांवर काळे ठिपके. मला वाटायचं माझ्यासाठी काही गुपित लिहिलंय. सुट्टीवर आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "नाही गं, कागद वाया जायला नको म्हणून गृहपाठाच्या पाठीवर लिहिलं."

फौजेने ह्यांना एक चालही दिली. साधं पायदळ मिनिटाला १२० पावलं टाकतं, लाइट इन्फंट्री १४०. मंडईत आम्ही दोघं एकत्र निघतो आणि मी राजवाड्यापाशी असते तेव्हा हे मेथी घेऊन परत निघालेले असतात.

हवालदार होऊन २०१० मध्ये घरी आले, आणि त्याच वर्षी इथल्या एका शाळेने बोलावलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे पैशाचं लिहायचंय. शिक्षकांच्या मंजूर पदांत बँडशिक्षक बसत नाही, म्हणून संस्था आपल्या तिजोरीतून मानधन देते. ते कधी महिन्याला येतं, कधी तिमाहीला, एका वर्षी तर स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ मिळालं आणि मानधन मार्चनंतर. घर चालतं माझ्या पगारावर आणि ह्यांच्या पेन्शनवर. ह्यांना ते बोचत नाही, मला बोचतं. शाळेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बँडचा फोटो असतो आणि शिक्षकांच्या यादीत ह्यांचं नाव शेवटून दुसरं, शिपाईमामांच्या आधी. शिपाईमामांना निदान रजा आहे.

पण खरा जाच वेगळाच आहे, आणि तो पंधरा वर्षं शेजारी बसून बघितल्याशिवाय मला समजला नसता.

जूनमध्ये आठवीची नवी मुलं येतात. सगळ्यांना साईड ड्रम हवा असतो. एकालाही युफोनियम, म्हणजे पितळेचं मोठं जाड आवाजाचं वाद्य, नको असतं, कारण ते जड आणि त्याच्यामागे तोंड दिसत नाही, मग फोटोचा काय उपयोग? हे एकेकाचे दात आणि ओठ बघतात. पुढचे दात सरळ असतील तर ट्रम्पेट, ओठ जाड असतील तर मोठी वाद्यं, बोटं लांब असतील तर क्लॅरिनेट. बारीक बोटांची मुलगी असली की क्लॅरिनेटची भोकं पुरती झाकत नाहीत आणि ते किंचाळतं. ड्रमवाल्यांना महिनाभर ड्रम मिळतच नाही. जुन्या टायरच्या तुकड्यावर मम्मी-डॅडी, मम्मी-डॅडी, उजव्या हाताने दोन, डाव्या हाताने दोन. फुंकणाऱ्यांना नुसता माउथपीस, म्हणजे वाद्याचं फुंकायचं टोक (क्लॅरिनेटच्या टोकाला रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, असते). त्यातून ओठ थरथरवून जो आवाज निघतो तो ऐकून त्यांच्याच आया हसतात.

नोटेशनची वही बाजारात मिळते, महाग पडते. म्हणून हे पोरांना इंग्रजीची चाररेघी वही आणायला लावतात आणि पट्टीने पाचवी रेघ मारून घेतात. जूनमध्ये पहिला आठवडाभर बँडच्या तासाला नुसत्या रेघा मारायचं काम चालतं.

ओठ बसायला वर्ष जातं. म्हणजे सूर न फाटता लांब धरता यायला. चालता चालता वाजवायला आणखी सहा महिने, कारण पाय आपटला की ओठावर धक्का बसतो. नववीच्या शेवटी शेवटी पोर माणसासारखं वाजवायला लागतं. आणि दहावीत दिवाळीच्या सुट्टीनंतर आईवडील घरी येतात, हात जोडतात, "सर, आता बोर्डाचं वर्ष." संपलं. वाद्य कपाटात. पुढच्या जूनला पुन्हा टायर, पुन्हा माउथपीस. मी मराठी शिकवते, माझं पोर चौथीतून पाचवीत गेलं तरी वाचायचं थांबत नाही. ह्यांचं पोर ज्या दिवशी वाजवायला लागतं त्या दिवशी जातं. नुसतं जात नाही, पुन्हा हातात वाद्यच धरत नाही. कारण वाद्य शाळेचं असतं आणि घरी कुणाच्या ट्रॉम्बोन पडलेला असतो?

तरी हे चालतं, कारण शिकवतं कोण? सर एकटे नाहीत शिकवत. आठवीच्या पोराला ओठ कसे आवळायचे हे नववीचं पोर दाखवतं. मोठ्याने धाकट्याला टपली मारायची, त्याचं वाद्य पुसून घ्यायचं आणि त्या बदल्यात बोटं शिकवायची, अशी परंपरा. ती कोरोनात तुटली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, तेव्हाची नववी दहावीत जाऊन घरूनच बाहेर पडली, तेव्हाची आठवी मोबाइलवर दहावीपर्यंत पोचली. फुंकायची वाद्यं तर सगळ्यात शेवटी उघडली, कारण थुंकी. हे मधल्या काळात गच्चीवर उभे राहून मोबाइलपुढे ट्रम्पेट वाजवून दाखवायचे आणि पलीकडून पोरं म्हणायची, सर आवाज तुटतोय. शाळा सुरू झाल्यावर कपाट उघडलं तर क्लॅरिनेटच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या कसरीने खाल्लेल्या, ट्रम्पेटचे बोटांनी दाबायचे खटके घट्ट बसलेले आणि शिकवायला एकही मोठं पोर नाही. त्या वर्षी हे पहिल्यांदा म्हणाले, "बंद करतो." मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी रॉकेल नि चिंधी घेऊन खटके सोडवत बसले होते.

त्यातच राज्यगीत आलं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' अधिकृत झालं, दोन कडवी, १ मिनिट ४१ सेकंद. राजा बढ्यांचं गीत, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. शाळेला हुकूम, बँडवर वाजलं पाहिजे. खळ्यांची चाल ऐकताना सरळ वाटते, वाजवायला घेतली की पोरांचे ओठ पहिल्याच कडव्यात थकतात. शिवाय संगीताच्या बाईंशी वाद. बँडच्या बहुतेक वाद्यांचा घरचा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी. गाणाऱ्या मुली म्हणाल्या, काळी पाचात आमचा आवाज चिरतो. बाई म्हणाल्या, पांढरी एकात घ्या. पांढरी एकात घेतलं की नवशिक्या ट्रम्पेटवाल्यांची बोटं अडखळतात आणि दोन सूर हमखास चढे लागतात. हा तंटा आठवडाभर आमच्या जेवणाच्या ताटावर होता. शेवटी काळी दोनवर तह झाला. मला विचाराल तर मुलींना तोही चढाच होता, पण मला कुणी विचारलं नाही.

राष्ट्रगीताचं दुखणं निराळं. ते ५२ सेकंदांत बसलं पाहिजे. पोरं घाबरली की पळतात, पाहुणे मोठे असले की रेंगाळतात. आमची मुलगी लहानपणी स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला बसायची आणि घरी आल्यावर आकडा सांगायची. छप्पन्न म्हणाली की त्या दिवशी हे चहा नको म्हणायचे. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, नुसत्या बिगुलावर जन गण मन होऊ द्या की एकदा!" बिगुलाला खटका नसतो. त्यातून सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प एवढंच निघतं. राष्ट्रगीताचा दुसराच सूर रे आहे. हे आधी समजावून सांगायचे. आता नुसतं "बघू" म्हणतात.

मेरठचं सांगायचं राहिलं. बँडची वाद्यं म्हणजे मेरठ, तिथली जली कोठी नावाची वस्ती. देशभरच्या लग्नांत जे पितळ वाजतं त्यातलं बरंचसं त्या गल्ल्यांतून येतं. संस्थेने एकदा चार नव्या वाद्यांना मंजुरी दिली, तेव्हा हे म्हणाले, मागवायची नाहीत, फुंकून बघून आणायची. मलाही घेऊन गेले. लोक लग्नाच्या वाढदिवसाला महाबळेश्वरला जातात. ते आम्हाला तासाभरावर, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, तिथून मेरठ. त्या गल्लीत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी ठोकाठोक. एक माणूस पत्र्याला गोल करतोय, दुसरा जोड डागतोय, तिसरा भोंग्याचं तोंड घासतोय, आणि मधूनच कुणीतरी वाद्य उचलून एकच सूर जोरात मारून परत ठेवतोय. हे दिवसभर एकेक वाद्य फुंकत होते. संध्याकाळी ओठ सुजले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, की पचमढीच्या फोटोतही नाही. मी मेरठची कात्री घेतली. ती अजून उत्तम चालते. चारातल्या एका ट्रम्पेटला दुसऱ्याच वर्षी चीर गेली.

मुलांचं सांगते, कारण विचारणारे विचारतातच, तुमची मुलं काय वाजवतात?

मुलगी क्लॅरिनेट वाजवायची, त्याच शाळेत, ह्यांच्याच हाताखाली. आत्यांचा विरोध, पोरीचं तोंड वाकडं होईल, लग्न जमणार नाही. तोंड वाकडं झालं नाही. वाजवायची सुंदर, घरच्या घरी ऐकून मला कळायचं. पण हे तिला दुसऱ्या रांगेत ठेवायचे आणि एकट्याने वाजवायचा तुकडा दुसऱ्या मुलीला द्यायचे, का, तर सरांची मुलगी म्हणून पुढे केली असं कुणी म्हणू नये. फौजी न्याय! नववीत एकदा ती भांडली, "मी तुमची मुलगी नसते तर पुढे असते का, तेवढं सांगा पप्पा." हे म्हणाले, "असतीस." ते ऐकून ती जास्तच चिडली. दहावीनंतर पुण्याला शिकायला गेली आणि क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर. मागच्या वर्षी तिच्या सोसायटीत कुणाच्या तरी वाढदिवसाला वाजवलं म्हणे. मला फोनवर सांगितलं, पप्पांना सांगू नको म्हणाली. मी अर्थातच सांगितलं. ह्यांनी विचारलं, "रीड कुठली लावली होती?"

मुलाने तर बँडला हातच लावला नाही. तो अकरावीत ढोलताशा पथकात गेला. ताशा! आमच्या घरात हे म्हणजे धर्मांतर. तो गच्चीवर सराव करायचा आणि हे खाली पेपर वाचता वाचता पाय आपटायचे, रागाने नव्हे, त्याची लय सुटते तिथे. "चौथ्या मात्रेला पळतोयस!" जिन्यातून ओरड. तो वरून, "आमच्यात पळायचंच असतं!" दोन वर्षं दोघांचं ह्या विषयावर बोलणं नव्हतं. मग एका गणपतीत हे मिरवणूक बघायला गेले, मला न सांगता, आणि परत येऊन म्हणाले, "मनगट चांगलं आहे त्याचं. कुणी शिकवलं कोण जाणे." मुलगा शेजारच्या खोलीत होता. टायरच्या तुकड्यावर मम्मी-डॅडी करत मोठा झालेला पोरगा तो, त्याला कुणी शिकवलं?

स्पर्धांबद्दल थोडक्यात. केंद्राची शालेय बँड स्पर्धा होते, शेवटची फेरी जानेवारीत दिल्लीला, मेजर ध्यानचंद स्टेडियमवर. मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, आणि पाइप बँडचे, म्हणजे मशकवाल्यांचे, तसेच दोन गट. ह्यांचा बँड मिश्र. मुलं-मुली वेगळी काढली की मुलांकडे क्लॅरिनेट उरत नाही आणि मुलींकडे बेस ड्रम. म्हणून आम्ही दिल्ली टीव्हीवर बघतो. २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारा दिल्लीतला फौजी बँडचा कार्यक्रम, मात्र उभ्याने बघावा लागतो, निदान ह्यांना. त्या वेळी फोन आला तर उचलत नाहीत.

शिकून गेलेल्यांतले काही फौजेच्या बँडमध्ये भरती झाले, त्यांची पत्रं नाहीत पण व्हॉट्सॲपवर गणवेशातले फोटो येतात. काही लग्नाच्या बँडमध्ये गेले, पुढे बँड जाऊन बेंजो आला, बेंजो जाऊन डीजे आला, तेव्हा एकाने टेम्पो घेतला. तो परवा भाजीच्या गाडीतून उतरून ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, सर, ओठ अजून बसलेत बघा, आणि मंडईत, नुसत्या ओठांनी, वाद्य नसताना, अर्धं मार्चगीत वाजवून दाखवलं. लोक जमले. हे बोटाने ताल देत होते आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी.

आता ह्यांचा डावा कान कमी झालाय. आयुष्यभर ड्रमशेजारी उभं राहिल्यावर होणारच, असं डॉक्टर म्हणाले, उंच पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर दोनच्या जागी पाच होतात. पण परवा मैदानाबाहेर माझ्याशी बोलता बोलता मधेच थांबले आणि आत जाऊन तिसऱ्या रांगेतल्या मुलीला म्हणाले, रीड बदल, तडा गेलाय. मला वाटतं ह्या कानाचा आणि घराचाच काहीतरी प्रश्न आहे.

संस्थेत आता नवा विचार चाललाय: रेकॉर्ड केलेलं राष्ट्रगीत स्पीकरवर लावू, फक्त ड्रम ठेवू, खर्च कमी. ह्यांनी त्यावर काही लिहून दिलेलं नाही. जूनमध्ये नेहमीसारखे आठवीच्या वर्गात जाऊन दात बघून आले. ह्या वर्षी चौदा पोरं फुंकायला तयार झाली आणि वाद्यं धड आहेत नऊ.

तर मुद्द्याचं. कुणाच्या घरी, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या बँड कंपनीच्या गाळ्यात जुनी वाद्यं पडून असतील तर खाली लिहा. बी फ्लॅट क्लॅरिनेट चालेल, ट्रम्पेट चालेल, खटके अडकले असले तरी चालेल, ते हे सोडवतात. साताऱ्यापासून पुण्या-कोल्हापूरपर्यंत आम्ही येऊन घेऊन जाऊ. युफोनियम मात्र नको. एक आधीच दिवाणखान्यात आहे आणि त्याच्यापायी पाहुण्यांना बसायला जागा नाही.